‘नोमॅड’ की ‘व्हॅग्रंट’? भाषांतरात या चुका टाळा

नागपुरात माझ्याकडे तपासायला येणाऱ्या इंग्रजी प्रस्तावांत आणि प्रबंधांत एक चूक हटकून असते. मराठीत ‘भटके’ दिसलं की भाषांतर करणारा ‘व्हॅग्रंट’ लिहून मोकळा होतो. मोबाइलच्या शब्दकोशात तो शब्द सापडतो, आणि पुढे बघायला कुणाला वेळ नसतो.

‘नोमॅड’ हंगाम पाहून, धंद्यासाठी, बिऱ्हाड घेऊन फिरतो. हा शब्द ग्रीकमधून आला, मुळात चराईसाठी फिरणाऱ्यांचा. ‘व्हॅग्रंट’ म्हणजे ना ठावठिकाणा ना कामधंदा असा माणूस, आणि या शब्दाला पोलिसी वास आहे. इंग्लंडच्या १८२४ च्या कायद्याने भीक मागणं आणि उघड्यावर झोपणं याच नावाखाली गुन्ह्यात टाकलं. भारतात १८७४ साली या नावाचा कायदा झाला, तोही बेकार फिरणाऱ्या युरोपियनांसाठी. आपल्या धनगरांना हा शब्द लावायचा कशाला?

एका संस्थेने मेंढ्यांच्या लसीकरणासाठी दिल्लीला प्रस्ताव पाठवला होता. मूळ मराठी वाक्य साधं होतं: ‘भटके मेंढपाळ रात्री शेतात मेंढ्या बसवतात, शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात.’ इंग्रजीत त्याचं झालं, ‘व्हॅग्रंट्स ऑक्युपाय फार्म्स ॲट नाइट’. खत गेलं, मोबदला गेला, उरली घुसखोरी. उत्तर आलं की बेघरांच्या पुनर्वसनाला आम्ही निधी देत नाही. दुरुस्तीसाठी कागद माझ्याकडे आला तोवर उमरेड रोडचा मेंढपाळांचा वाडा, म्हणजे तळ, पुढे निघून गेला होता. नंतर भेटलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला संस्थेच्या पोराने हे सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, “आमी भिकारी हाओ का जी?” त्याचं गावी घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. घाईत उचललेल्या शब्दाने त्याचा हंगाम घालवला, याचा मला आजही राग येतो.

मी भाषांतराआधी समासात लिहून ठेवते: का फिरतात, वाट ठरलेली आहे का, धंदा कोणता? याची उत्तरं असतील तर ‘नोमॅड’. जनावरं घेऊन फिरणारे धनगर किंवा कच्छहून येणारे रबारी असतील तर ‘पॅस्टोरलिस्ट’ जास्त नेमका. नंदीबैलवाल्यांना मात्र तो लावू नका. ते चराईसाठी फिरत नाहीत.

‘विमुक्त’चं ‘फ्री’ करू नका. १८७१ पासून काही जमातींना गुन्हेगार ठरवून यादीत टाकणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, त्या यादीतून सुटलेल्या या जमाती, शब्द ‘डीनोटिफाइड’च.

मेळघाटातून बांधकामावर येणारा मजूर ‘मायग्रंट’. बंजाऱ्यांना ‘जिप्सी’ म्हणू नका, तो युरोपातल्या रोमा लोकांना लावलेला शब्द आहे आणि त्यांच्यातल्या अनेकांना तो अपमानाचा वाटतो. ‘व्हॅगाबाँड’ म्हणजे उनाड भटक्या, तो सरकारी कागदात नकोच.