डिस्चार्ज बुकात चूक आहे? रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडण्याआधी माजी सैनिकांनी एवढं करा

डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक), पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), आधार आणि पॅन हे चार कागद शेजारी शेजारी मांडा. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तोही घ्या. वहीच्या पानावर रकाने आखा आणि प्रत्येक कागदावरून एकेक गोष्ट उतरवा: नंबर, रँक, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, डिस्चार्जचं कारण, बायकोचं नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावं. मनात मराठीत वाचू नका, इंग्रजी अक्षर न् अक्षर उतरवा. वाचताना ‘वाघमारे’ हे वाघमारेच राहतं, पण एका कागदावर ते डब्ल्यूने सुरू होतं आणि दुसऱ्यावर व्हीने. ‘शिंदे’मधला एच गळालेला असतो, ‘विठ्ठल’मध्ये टी कुठे एक तर कुठे दोन. डोळ्यांना न दिसणारा हा फरक कॉम्प्युटरला लगेच दिसतो, आणि स्पर्शवर (संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर) नाव जुळत नाही म्हणून काम अडतं ते इथेच. काही पुस्तकांत हिंदी मुलखातल्या क्लार्कच्या हातून ‘सविता’ची ‘सविता देवी’ झालेली सापडते. आपल्याकडे ‘बाई’ लागलेली असते किंवा गळालेली असते.

यादी झाली की चूक नेमकी कुठे बसली आहे ते शोधा. बहुतेक जण इथेच फसतात. डिस्चार्ज बुक हा मूळ कागद नव्हे, ती उतरवलेली प्रत आहे. मूळ म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातला शीट रोल, तुमची सेवानोंद. भरतीच्या दिवशी तो उघडला जातो. लग्न, मूल, वारस, बढती यांची प्रत्येक नोंद पार्ट टू ऑर्डर (असे बदल नोंदवणारा आदेश) निघाली की त्यात चढते. शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. त्यावरूनच पेन्शनचा डेटा शीट तयार होऊन प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडे जातो आणि पीपीओ निघतो. जुने पीपीओ पुढे स्पर्शमध्ये उतरवले गेले. म्हणजे खालच्या पायरीवरची चूक वर जात नाही, पण वरची चूक खालपर्यंत झिरपत येते. शीट रोल बरोबर आणि फक्त पीपीओ चुकला असेल तर पार्ट टू ऑर्डरची गरज नाही, कॉरिजेंडम पीपीओवर (पीपीओच्या दुरुस्तीपत्रावर) काम भागतं. पीपीओही बरोबर असून स्पर्शच्या पडद्यावरच घोळ असेल, उदाहरणार्थ ०१-०६ चं ०६-०१ झालं असेल, तर ती डेटा उतरवतानाची चूक आहे. तिथे पीपीओची स्वच्छ स्कॅन प्रत जोडून स्पर्शवरच दुरुस्तीची विनंती टाका. शीट रोलच चुकीचा असेल तर मात्र मुळापासून सुरुवात करावी लागते. पीपीओ आधी दुरुस्त करून घ्यायचा प्रयत्न केलात तर फाइल ‘रेकॉर्डशी जुळत नाही’ असा शेरा घेऊन परत येते.

शीट रोलमध्ये काय आहे हे घरबसल्या कळत नाही. आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे उताऱ्यासाठी साधा अर्ज करा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा ऑनलाइन. प्रतीचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. ‘माझी सगळी कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नका. शीट रोलमधलं कुटुंबाच्या तपशिलाचं पान, लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व तारीख आणि लास्ट पे सर्टिफिकेट-कम-डेटा शीटची प्रत, असं नेमकं मागा. पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक हातात आला की निम्मं काम झालं, कारण पुढच्या प्रत्येक पत्रात तोच आधार धरायचा असतो. पेन्शन न घेता सुटलेल्यांनी फार वाट पाहू नये. त्यांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात आणि मग लाँग रोलमधली (कायम जपल्या जाणाऱ्या नोंदवहीतली) एक ओळ तेवढी उरते.

रेकॉर्ड ऑफिस कुठलं, हे डिस्चार्ज बुकावरच्या शिक्क्यावर असतं. तरी बदलीतल्या शेवटच्या युनिटलाच पत्रं लिहिणारे पुष्कळ असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, गार्ड्सचं कामठीला, मेकनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला. नौसैनिकांसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पातलं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीच्या सुब्रतो पार्कातलं रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

आता चूक कशाला म्हणायचं ते ठरवा. डिस्चार्ज बुकात जिल्हा रत्नागिरी आहे आणि आज गाव सिंधुदुर्गात आहे, ही चूक नव्हे. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, पुस्तक त्याआधीच्या नोंदीवरून भरलं गेलं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेही तसंच. तहसीलदाराचा दाखला जवळ ठेवा, अर्जाच्या फंदात पडू नका. आडनाव आधी की नाव आधी, हा नुसता क्रमाचा फरक असेल तर शीट रोल बदलायला निघू नका. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. कॅरेक्टर (वर्तणुकीचा शेरा) ‘एक्झेम्प्लरी’ऐवजी ‘गुड’ का, मेडिकल बोर्डाने अपंगत्व १५ ते १९ टक्के का धरलं, हे प्रश्न लेखनिकाच्या चुकीत येत नाहीत. ते निर्णय आहेत आणि त्यांना अपिलाची वेगळी वाट आहे. एकाच अर्जात नावाची दुरुस्ती आणि अपंगत्व पेन्शनची तक्रार घातली की अर्ज दोन टेबलांमध्ये फिरत राहतो आणि नावाचं सोपं कामही लटकतं.

स्वतःच्या जन्मतारखेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. भरतीवेळी नोंदलेली तारीख बदलण्याची मुदत भरतीपासून २ वर्षं असते. नोकरी संपल्यावर ती बदलत नाही, शाळेचा दाखला कितीही पक्का असला तरी. महाराष्ट्रातल्या शाळांनी कित्येकांना ‘१ जून’ ही जन्मतारीख दिली आहे. फौजेत तीच चढली असेल तर तीच तुमची. आधारवर वेगळी असेल तर आधार बदला, आणि तेही विचार करून, कारण आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदाच. पहिली संधी घाईत भलत्या स्पेलिंगवर घालवू नका. स्वतःच्या नावातल्या एखाद्या अक्षराच्या फरकासाठीही आमचा कल आधार पीपीओशी जुळवून घेण्याकडेच असतो. आधार केंद्रावर ते काम आठवड्यांत होतं, रेकॉर्डला महिने लागतात. पण पॅन, बँक आणि सातबारा सगळे एका बाजूला आणि एकटा पीपीओ दुसऱ्या बाजूला असेल, तर पीपीओच बदलावा.

बायकोच्या नावाचं प्रकरण सगळ्यात नाजूक आहे, कारण ही चूक नवरा हयात असेपर्यंत कुणाला बोचत नाही. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पीपीओवर सासरचं, मतदार यादीत घरातलं हाकेचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं चौथंच काही. सैनिक हयात असताना त्याने स्वतः सही करून ‘ही माझी पत्नी, ही दोन्ही नावं तिचीच’ असं लिहून दिलं की रेकॉर्ड ऑफिस शंका घेत नाही. त्याच्या पश्चात तेच सिद्ध करायला तिला लग्नाचा दाखला, वारस दाखला आणि साक्षीदार जमवावे लागतात. म्हणून हे काम आजच्या यादीत सगळ्यात वर ठेवा. फरक स्पेलिंगचा किंवा ‘बाई’चा असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचं प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतली, एक मराठी व एक इंग्रजी, जाहिरात हा नेहमीचा मार्ग. नाव मुळातच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्या पानाची प्रत जोडा. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसची मागणी थोडी वेगळी असते, तेव्हा प्रतिज्ञापत्राचा नमुना आधी मागवून घ्या आणि मगच नोटरीकडे किंवा कोर्टात जा. नोटरीचं चालेल की मॅजिस्ट्रेटचंच हवं, हे न विचारता केलेलं प्रतिज्ञापत्र हमखास दुसऱ्यांदा करावं लागतं. लग्नाची नोंद झालेली नसेल तर ती आधी करा. गावात ती ग्रामपंचायतीत होते. सरपंचाचं पत्र तिची जागा घेत नाही.

बायकोच्या जन्मतारखेकडेही लक्ष द्या. जुन्या पीपीओंवर ती नसतेच, किंवा नुसतं वय किंवा साल असतं. कुटुंब पेन्शन घेणारीला वयाच्या ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के अशी वाढ मिळते. ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. तारीख चढलेली नसली तर वाढ कधी सुरू करायची हेच कळत नाही. पॅन, शाळेचा दाखला किंवा पासपोर्ट यांपैकी जे असेल ते जोडून ही नोंद करून घ्या. मात्र आधारवरची तारीख त्याच्याशी जुळते का, ते आधी बघा. घरात अपंग मूल असेल तर त्याचंही नाव आई-वडील हयात असतानाच पीपीओवर चढवून घ्यावं. सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो.

पेन्शनच्या रकमेवर परिणाम करणाऱ्या नोंदी तीन: रँक, गट (ट्रेडनुसार ठरलेला) आणि पात्र सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी). वन रँक वन पेन्शनचे तक्ते याच तिघांवर चालतात आणि सेवा अर्ध्या अर्ध्या वर्षाच्या टप्प्यांनी मोजली जाते. त्यामुळे भरतीच्या तारखेतली चूक किंवा चुकून ‘नॉन-क्वालिफाइंग’ (पात्र सेवेत न मोजलेले) धरलेले काही महिने तुम्हाला खालच्या ओळीत ढकलू शकतात. वही काढा, भरतीपासून डिस्चार्जपर्यंतचे दिवस मोजा, त्यातून वजा काय केलं आहे ते बघा आणि वजाबाकीचं कारण लेखी मागा. पेन्शनसाठी लागणाऱ्या १५ वर्षांच्या काठावर असलेल्यांनी तर हे दोनदा करावं. हवालदाराला निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदारी मिळाली असेल तर ती डिस्चार्ज बुकात नसणारच, कारण ती २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला मागाहून जाहीर होते. पीपीओला तिची दुरुस्ती लागली आहे का, एवढं पाहा. डिस्चार्जचं कारण आर्मी रूल १३ (३) खाली लिहिलेलं असतं. जवानांसाठी आयटम तीनमधली (एक) म्हणजे मुदत पुरी झाली, (तीन) म्हणजे वैद्यकीय कारण, (चार) म्हणजे स्वतःच्या विनंतीवरून. एका आकड्याच्या चुकीने माजी सैनिकाचा दर्जाच प्रश्नात येऊ शकतो, विशेषतः पेन्शन नसलेल्यांचा, म्हणून सरकारी नोकरीच्या आरक्षणात अर्ज करण्याआधी हा आकडा बघून घ्या.

आता पाकीट. अर्ज एका पानाचा आणि एकाच दुरुस्तीचा असावा. वर नंबर, रँक, नाव. नंबराच्या शेवटचं अक्षर गाळू नका. जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झालेल्यांनी ‘जेसी’ नंबरासोबत जवान असतानाचा जुना नंबरही द्यावा. मधे दोन ओळी पुरतात: ‘आत्ता असं आहे’ आणि ‘असं हवं’, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत. खाली पुरावा, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, मोबाइल, सही. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या भरलेल्या पानांच्या प्रती, पीपीओ आणि त्यानंतरचे सगळे कॉरिजेंडम, दोघांचं आधार व पॅन, मूळ प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्राचं जाहिरात असलेलं अख्खं पान (कात्रण नव्हे, पानावर तारीख दिसायला हवी), पतीपत्नीचे एकत्र फोटो चार. सगळ्या झेरॉक्सवर स्वतःची सही. तीन संच करा: एक रेकॉर्डला, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला, एक घरी. मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि त्यात स्वतः पेन तर लावूच नका. खाडाखोड दिसली की पुस्तकावरच संशय येतो. त्यातली दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसरच्या सही-शिक्क्यानेच व्हायची.

अर्ज सैनिक बोर्डामार्फत, म्हणजे याच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, गेला तर बरा. त्यांचं अग्रेषण पत्र जोडलेलं असतं, आणि मूळ कागद पाहिल्याचा त्यांचा शिक्का असला तर ‘खात्री करून पाठवा’ ही एक फेरी वाचते. तिथला जावक क्रमांक लिहून घ्या. थेट पाठवत असाल तर स्पीड पोस्टाची पावती आणि पोच अर्जाच्या घरच्या संचाला टाचून ठेवा. दीड-दोन महिन्यांत काहीच आलं नाही तर पहिल्या पत्राचा क्रमांक देऊन स्मरणपत्र, त्यानंतर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंद. नवा अर्ज करू नका, नव्या अर्जाने फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. लेखी नकार आला तर त्या तारखेपासून ६ महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तक्रार करून ६ महिने काहीच उत्तर नसेल तर ते ६ महिने संपल्यापासून पुढचे ६ महिने मिळतात. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं पीठ आहे. इथे त्या जपलेल्या पावत्या आणि जावक क्रमांक उपयोगी पडतात.

कॉरिजेंडम पीपीओ हातात आला की पुन्हा वही उघडा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्तीच्या कागदात नवी चूक शिरणं दुर्मीळ नाही. मग स्पर्शवर नोंद बदलली का ते पाहा, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कॅन्टीन कार्डावरचं नाव जुळवून घ्या, बँकेत प्रत द्या. जुना पीपीओ फाडू नका. नवा त्याच्याच आधारावर उभा असतो आणि दोन्ही एकत्रच वाचले जातात.