संपादकाला पत्र लिहिताय? आधी ‘संबंधित’ कोण ते शोधा

‘तरी संबंधित प्रशासनाने याकडे त्वरित लक्ष द्यावे.’ पत्राचा शेवट या वाक्याने करणार असाल, तर पाठवायचे कष्ट घेऊ नका. संबंधित म्हणजे कोण, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि ज्याचं नावच घेतलं नाही त्याने खुलासा तरी कशाला करावा?

नवख्यांची पत्रं इथेच वाया जातात, म्हणून हे सविस्तर. रस्त्याचंच घ्या. खड्डे सगळ्यांना दिसतात, रस्ता कुणाचा हे कुणी बघत नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. रंग उडाला असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. खातं चुकलं की ‘सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नाही’ एवढी एक ओळ येते आणि विषय मिटतो. वरून तुमचं पुढचं पत्र उपसंपादक जरा जपूनच उघडतो.

एसटीचंही तेच. हिंगोली जिल्ह्यातली आगारं परभणी विभागात येतात. फेरी बंद झाली म्हणून हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना साकडं घालून काय होणार? परभणीच्या विभाग नियंत्रकांचा उल्लेख हवा. तोही पदाचा. साहेब बदलून जातात, खुर्ची तिथेच राहते. शिवाय नाव घेऊन ‘पैसे खातो’ असं लिहिलंत आणि हातात पुरावा नसला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहेच, बदनामीचं. त्या एका वाक्यापायी अख्खं पत्र टोपलीत जातं.

बाकी लिहिणं अवघड नाही, खरंच नाही. दीडशे शब्द पुरे. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून’ ही कमान पाडून टाका आणि पहिल्याच वाक्यात मुद्दा ठेवा. ‘विद्यार्थ्यांची मोठी गैरसोय होत आहे’ याने कुणी हलत नाही. ‘मुलींना पास मोफत आहे, पण सकाळची साडेसहाची गाडी बंद झाल्याने शाळेचा पहिला तास रोज बुडतो’ असं लिहा. गावाचं नाव, तालुका, गाडी कधीपासून बंद, एवढं घाला की झालं. शेवटी एकच मागणी. रस्ता, पाणी, विजेची डीपी आणि गावची दारू एकाच पत्रात कोंबलीत, तर चारही विषय जातात. छापलेल्या बातमीवर लिहीत असाल तर मथळा आणि तारीख द्या.

पत्राला हंगाम असतो. जायकवाडीच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं का, याचा हिशेब 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर होतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर तो प्रश्न पेटतो. त्यावरचं पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोचलं पाहिजे. डिसेंबरात ‘मराठवाड्यावर पुन्हा अन्याय’ लिहून फक्त राग निघतो. अन्याय आहेच, पण आकड्याशिवाय तो शब्द आता गुळगुळीत झालाय.

पाठवताना मजकूर मेलमध्येच टाइप करा, युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधली फाइल तिकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि ती परत टाइप करायला तिथे कुणाला वेळ नसतो. वहीच्या पानाचा अंधुक फोटोही तसाच पडून राहतो. खाली पूर्ण नाव, गाव, मोबाइल. गावातल्या अडचणीचं पत्र जिल्हा आवृत्तीला, धोरणावरचं मुख्य अंकाच्या वाचक-पत्रांना. एका वेळी एकच दैनिक. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती नको, ते काम तिथल्या माणसांचं आहे. पत्र कापलं तर रुसू नका. कापायचा त्यांना अधिकार आहे.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) असाल तर मात्र आधी वर्तणूक नियम वाचा: जिल्हा परिषद सेवेला 1967 चे, राज्य शासनाच्या नोकरीत 1979 चे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका अंगाशी येते. अशा वेळी बायकोच्या नावाने पत्र पाठवण्याची युक्ती सुचवणारे भरपूर भेटतील. असल्या गुरूंपासून लांब राहा. ग्रुपवर फिरणारं तयार पत्र नाव बदलून धाडायला सांगणारेही त्यातलेच. तेच पत्र दहा जणांकडून आलं की उपसंपादकाला पहिल्या ओळीतच कळतं. वार्ताहराची ओळख लावून छापून आणलेलं पत्रही कुचकामी, मजकूर कच्चाच राहतो.

पत्र छापून आलं की कात्रण अर्जाला जोडा, ज्या खात्याबद्दल लिहिलं त्याच्याच कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोचपावतीच्या टपालाने पाठवा.