रस्त्याचा प्लॅन सगळ्यांशी बोलून करायचाय? मग असं करा

सगळ्यात आधी स्वतःशी ठरवा की लोकांनी सांगितल्यावर यातलं खरंच काय बदलू शकतं. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली, पायरी जितकी वरची तितका निर्णय लोकांच्या हातात, त्यात माहिती देणं तिसऱ्या पायरीवर, मत विचारणं चौथ्या आणि भागीदारी थेट सहाव्या पायरीवर आहे. तुम्ही चौथीवर असाल तर तसंच सांगा. रस्त्याची रुंदी ठरलीय, पण झाडं, पार्किंग, बसस्टॉप, फेरीवाल्यांच्या जागा यावर अजून बोलता येईल, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की लोक चिडतील थोडे, पण नंतर फसवल्यासारखं तरी वाटणार नाही.

मग मोठ्या मीटिंगच्या आधी सगळ्यांना वेगवेगळं भेटा. हे काम वेळखाऊ आहे म्हणून बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तिथेच सगळं बिघडतं, कारण भर सभेत घरमालक बोलतात, भाडेकरू येतच नाहीत, आणि फेरीवाल्याला धंद्याच्या वेळी बोलावलं तर त्याचा गल्ला बुडतो, म्हणून त्याच्याकडे आपणच जायचं. "तुम्हाला काय हवंय" असं विचारू नका, "तुमचा दिवस कसा जातो" ते विचारा. दुकानदार म्हणेल पार्किंग पाहिजेच, पण नीट खोदून विचारलं तर कळतं की त्याला सकाळी माल उतरवायला अर्धा तास गाडी लावता आली तरी पुरतं, आणि ते जमवता येतं. फायर ब्रिगेड, पाणी आणि ड्रेनेजवाले यांनाही याच टप्प्यावर विचारा, नंतर नाही.

आता नकाशा. प्लॅनरला तो दिसतो, बाकीच्यांना फक्त रेषा दिसतात. १:५०० च्या नकाशात कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जाऊ शकतील असा १.८ मीटरचा फुटपाथ कागदावर जेमतेम साडेतीन मिलिमीटर, त्यावरून कोण काय मत देणार? म्हणून सरळ जागेवर जा, फक्कीने रेषा मारा, लोकांना त्यातून चालू द्या, बाबागाडी ढकलू द्या. तासभर चर्चा करून जे सुटत नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं, हे मी मनापासून सांगतोय.

मीटिंगमध्ये एकच माइक फिरवण्यापेक्षा सहा-आठ जणांचे गट करा, प्रत्येक गटात वेगवेगळ्या बाजूचे लोक बसवा. बोलणं त्यांच्याच शब्दांत भिंतीवरच्या कागदावर लिहा, 'सेटबॅक' वगैरे शब्द आलाच तर लगेच "इमारत हद्दीपासून किती आत घ्यायची ते" असं सांगून टाका.

यानंतर उत्तर द्यायचं, आणि हे अजिबात चुकवू नका. प्रत्येक सूचनेपुढे घेतली की नाही घेतली आणि का, एवढं लिहून सगळ्यांना पाठवा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ मध्ये लोकसहभागातून बजेट ठरवायला सुरुवात झाली, तिथे नवीन वर्षाच्या सभांमध्ये पालिकेला आधी मागच्या वर्षी ठरलेल्या कामांचा हिशोब द्यावा लागायचा, पुढच्या मागण्या त्यानंतर. काम सुरू झाल्यावर खाली एखादी जुनी पाइपलाइन सापडून डिझाइन बदललं, तर त्याच दिवशी जागेवर बोर्ड लावा आणि आधी भेटलेल्या दुकानदारांना, फेरीवाल्यांना स्वतः जाऊन सांगा.