सांगली-साताऱ्यात रिहॅबचं रिसर्च सुरू करायचंय? मग आधी मोजायला लागा

मिरज असो नाहीतर कराड, आपल्याकडे पॅरालिसिसचे पेशंट भरपूर, फिजिओ कॉलेजंही आहेत, पण पेशंट आला तेव्हा किती चालत होता आणि तीन महिन्यांनी किती चालतो हे बऱ्याच केसपेपरवर सापडतच नाही, नुसतं "सुधारणा आहे" लिहिलेलं असतं. त्यामुळे थीसिसचा विषय शोधत बसण्याआधी प्रत्येक स्ट्रोक पेशंटचा पहिल्याच दिवशी बार्थेल इंडेक्स, म्हणजे रोजची कामं पेशंट स्वतः किती करतो त्याचा मार्कांचा तक्ता, भरायची सवय लावा. 10 गोष्टी आहेत, जेवण, आंघोळ, संडास, जिना वगैरे, मार्क 0 ते 100. आणि पेशंट घरी प्रत्यक्ष काय करतो ते लिहायचं, काय करू शकेल ते नाही. बायको लवकर उरकावं म्हणून भरवत असेल तर त्याला स्वतः जेवतो म्हणून मार्क द्यायचे नाहीत, इथंच सगळ्यात जास्त गडबड होते. म्हणून अधूनमधून एकच पेशंट दोघांनी वेगवेगळा तपासा, एकमेकांचे मार्क न बघता, आणि मग कुठं फरक पडला त्यावर बोला. चालता येत असेल तर टाइम्ड अप अँड गो घ्या, म्हणजे खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते मोजा, खुर्ची, 3 मीटर जागा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढंच लागतं, खुर्ची मात्र दरवेळी तीच हवी.

खरी अडचण फॉलोअपची. जत, आटपाडी, माणकडून येणाऱ्या पेशंटला सोबत आणणारा माणूस ऊसतोडीला गेला की पेशंट येतच नाही. दोन फोन नंबर घ्या, एक शेजाऱ्याचा, एसटीचं भाडं बजेटमध्ये धरा, आणि तरी नाही आला तर फोनवर बार्थेल विचारा, तो फोनवर घेता येतो. जे येतात तेवढेच मोजले तर रिझल्ट उगाच छान दिसतो, आणि जो घरी अंथरुणावर पडून आहे तो हिशोबातच येत नाही.

डेटा रिसर्चला वापरायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. ट्रायल, म्हणजे उपचार देऊन त्याचा परिणाम तपासायचा अभ्यास, असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करा, 1 एप्रिल 2018 पासून नंतरची नोंदणी घेत नाहीत, पैसे लागत नाहीत. संमतीपत्र साध्या मराठीत लिहा, आणि ज्याची वाचा गेलीय त्याला चित्रं दाखवून, वेळ देऊन समजवा, घाईत अंगठा घेऊ नका.

पीएसएमच्या (कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या) स्टॅटिस्टिशियनला डेटा गोळा करायच्या आधीच भेटा, नंतर गेलात तर तेही फारसं काही करू शकत नाहीत. आणि एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, माझी कळकळीची विनंती, मोजणाऱ्या फिजिओला आठवड्यात अर्धा दिवस ड्युटी चार्टमध्येच काढून द्या आणि कामाच्या वाट्याप्रमाणे पेपरवर त्याचं नावही घाला.