विंड टनेल घुमत असेल तर: दाबाच्या चढउतारांचं मूळ शोधायची माझी पद्धत

विंड टनेल म्हणजे मॉडेलवर हवा सोडून तिचं बल मोजायचा बोगदा. आमच्या बोगद्यात मॉडेल तेच, वेग तोच, तरी ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या रोधाचा, आकडा दर वेळी वेगळा. तीन आठवडे आम्ही बॅलन्सला, म्हणजे मॉडेलवरचं बल मोजणाऱ्या उपकरणालाच, दोष देत होतो. त्यातले बल मोजणारे लोडसेल दोनदा कॅलिब्रेट केले, केबली बदलल्या. मग एका दुपारी बोगदा चालू असताना टेस्ट चेंबरच्या बंद दारावर मी सहज तळहात टेकला. दार धडधडत होतं. आवाज असा काही ऐकू येत नव्हता, फक्त कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं. त्या दिवसापासून नवा बोगदा पाहिला की मी आधी दाराला हात लावते.

आमचा बोगदा उघड्या झोताचा. नोझलमधून, म्हणजे निमुळत्या तोंडातून, सुटलेली हवा टेस्ट चेंबरमध्ये २.४ मीटर मोकळी जाते, समोरच्या कलेक्टरमध्ये, म्हणजे झोत झेलणाऱ्या तोंडात, शिरते आणि डक्टमधून फिरून पुन्हा नोझलपाशी येते. या प्रकारच्या बोगद्यांना घुमण्याची खोड फार, म्हणून मी मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहिते.

पहिलं काम मोजमापाचं. दाबाच्या छिद्रापासून लांब नळी काढून दुसऱ्या टोकाला सेन्सर लावू नका. एका टोकाला सेन्सरने बंद झालेली एक मीटरची नळी स्वतःच ८५ हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि तुम्ही बोगद्याऐवजी नळी मोजत बसता. सेन्सर भिंतीशी सपाट बसवा. मायक्रोफोन वापरणार असाल तर तो ५ हर्ट्झच्या खालपर्यंत नीट मोजतो ना, हे पाहून घ्या, कारण आपल्याला हवा असलेला कंप बहुतेकदा कानाच्या मर्यादेखालीच असतो. एक मायक्रोफोन चेंबरच्या भिंतीवर, झोतापासून दूर ठेवा, दुसरा डक्टमध्ये. वेग १ मीटर प्रतिसेकंदाच्या पायऱ्यांनी वाढवा आणि प्रत्येक पायरीवर निदान ६० सेकंद नोंद घ्या. पायऱ्या मोठ्या घेतल्या तर घुमणारा नेमका वेग दोन पायऱ्यांच्या मधून निसटतो. आमचा तसाच निसटला होता.

चढउताराची आरएमएस किंमत (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) झोताच्या गतिज दाबाने, म्हणजे वेगामुळे येणाऱ्या दाबाने, भागा, म्हणजे वेगवेगळ्या वेगांची तुलना करता येते. ३० मीटर प्रतिसेकंदाला गतिज दाब साधारण ५४० पास्कल. त्या वेगाला आमच्या चेंबरमधला चढउतार ८ पास्कल होता, म्हणजे दीड टक्का. डेसिबलमध्ये सांगायचं तर ११२, आणि तरी ऐकू काही येत नाही!

आता स्पेक्ट्रममधला, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती चढउतार हे दाखवणाऱ्या आलेखातला, सुळका वेगाबरोबर कसा सरकतो, ते पाहा. सगळं निदान त्यातच आहे. फॅनच्या फेऱ्यांच्या ठरावीक पटीत सरकत असेल तर पाती बघा: ८ पाती आणि मिनिटाला ६०० फेरे म्हणजे ८० हर्ट्झ. सुळकाच नसेल, नुसता कमी वारंवारतेचा पसरट फुगवटा असेल, तर डिफ्यूझरच्या, म्हणजे कलेक्टरनंतर रुंदावत जाणाऱ्या डक्टच्या, भिंतीवर लोकरीचे धागे चिकटवा. हवा भिंत सोडत असेल तिथे धागे उलटे फडफडतात. डिफ्यूझरचा पूर्ण कोन ५ ते ७ अंशांच्या पुढे गेला की हा संशय आधी घ्यावा.

आमचा सुळका या दोन्हींत बसेना. २८ ते ३२ मीटर प्रतिसेकंदाच्या दरम्यान तो १५.५ हर्ट्झला जवळजवळ खिळून राहायचा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे विरून जायचा. वेग वाढूनही वारंवारता हलत नसेल तर कुठली तरी पोकळी किंवा डक्ट आपला स्वतःचा सूर धरून बसलेला असतो, आणि झोत त्याला खतपाणी घालत असतो.

हे गणित कागदावर करता येतं. झोताच्या कडेने भोवरे सुटतात आणि झोताच्या वेगाच्या साधारण ०.६५ पट वेगाने पुढे जातात. ३० च्या झोतात त्यांचा वेग १९.५, म्हणून २.४ मीटर जायला ०.१२३ सेकंद लागतात. भोवरा कलेक्टरच्या कडेवर आदळला की दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने ०.००७ सेकंदात नोझलच्या ओठापर्यंत परतते आणि पुढच्या भोवऱ्याला वेळ नेमून देते. फेरी ०.१३ सेकंदांची. फेरीत एक आवर्तन बसलं तर ७.७ हर्ट्झ, दोन बसली तर १५.४. आता डक्ट घ्या. आमचा मधल्या रेषेने २२ मीटर. दोन्ही टोकं उघडी धरली तर त्याचा पहिला सूर ३४० भागिले ४४, म्हणजे ७.७, आणि दुसरा १५.५. दोन आकडे असे शेजारी-शेजारी आले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. तुमच्याकडे चेंबर मोठं आणि बंदिस्त असेल तर त्याची स्वतःची, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी वारंवारताही काढून पाहा.

कागदावर जुळलं म्हणून लगेच काही कापू नका. पडताळा घ्या. आम्ही कलेक्टर २० सेंटीमीटर मागे सरकवला. भोवऱ्यांचा रस्ता लांबला, तेव्हा तीच वारंवारता गाठायला जास्त वेग लागायला हवा. घुमणं खरोखरच ३२.५ च्या आसपास सरकलं. फॅनचा दोष असता तर कलेक्टर हलवून ते जागचं हललं नसतं.

उपायांपैकी सर्वांत जलद उपाय म्हणजे नोझलच्या ओठावर लहान पत्र्याच्या पट्ट्या, एक आत वळलेली, पुढची बाहेर. अशा पट्ट्यांना ग्योटिंगेनच्या सायफर्ट यांचं नाव आहे. मोठे, एकसंध भोवरे त्या मोडून टाकतात. पण झोताचा शांत गाभा त्यांच्यामुळे आक्रसतो आणि वरच्या वारंवारतेचा गोंगाट वाढतो, म्हणून आवाजाच्या चाचण्यांना त्या चालत नाहीत. मी त्या फक्त निदानापुरत्या लावते, आणि चिकटपट्टीवर कधीच विसंबत नाही. सुटलेली पट्टी थेट फॅनकडे जाते. स्क्रूच लावा आणि फॅनपुढे जाळी असल्याशिवाय बोगदा चालू करू नका.

कायमचा उपाय आम्हाला कलेक्टर आणि डिफ्यूझर यांच्यामध्ये फट ठेवून मिळाला. तिथून हवा आत-बाहेर करू शकते आणि डक्टमधल्या दाबाला वाट मिळते. फटीची रुंदी आम्ही थोडी थोडी वाढवत, दर वेळी पूर्ण वेगमालिका घेऊन ठरवली. चढउतार दीड टक्क्यावरून ०.३ टक्क्यांवर आला.

फट शक्य नसेल तर डक्टला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सुराला घुमून तो शोषणारी, बाटलीसारखी मान असलेली पोकळी, जोडता येतो, पण जागेची तयारी ठेवा. १५.४ हर्ट्झसाठी ०.१ चौरस मीटर तोंड आणि टोकांची दुरुस्ती धरून अर्धा मीटर मान घेतली, तरी पोटात जवळपास अडीच घनमीटर हवा लागते. तो अशा ठिकाणी बसवा जिथे डक्टमधला दाब सर्वांत जास्त हलतो. दाब जिथे स्थिर असतो तिथे बसवलेला रेझोनेटर म्हणजे नुसतं कपाट.

एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बॅलन्सच्या नोंदीतून हा कंप फिल्टरने पुसून टाकू नका. झोत स्वतः हलत असताना मॉडेलमागचा प्रवाहही वेगळा वागतो, आणि सरासरी ड्रॅगच सरकलेला असू शकतो. फिल्टर लावून मिळते ती चुकीच्या आकड्याची सुबक रेघ.

सगळं शांत झाल्यावर मॉडेल आत ठेवून वेगमालिका पुन्हा घ्या. मोठं मॉडेल झोत फाकवतं, भोवऱ्यांची वाट बदलते, आणि रिकाम्या बोगद्यात गप्प असलेला एखादा सूर जागा होतो. चेंबरच्या भिंतीवरचा मायक्रोफोन म्हणूनच मी काढत नाही. प्रत्येक चाचणीच्या फाइलमध्ये ड्रॅगच्या शेजारच्या रकान्यात त्याची टक्केवारी जाते, आणि ती ०.५ च्या वर दिसली की तो आकडा मी कुणाला देत नाही.