डच शहरांत जुने कपडे घेताना: लेबल सोडा, टेप काढा

‘अ‍ॅमस्टरडॅममधली दहा व्हिंटेज दुकानं’ अशा याद्या घेऊन लोक दिवसभर पायपीट करतात आणि संध्याकाळी खांद्यात न बसणारा एक महागडा कोट घेऊन हॉटेलवर येतात. दुकानांचे पत्ते फोन दाखवतोच. कपडा हातात आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय पाहायचं, हे त्या याद्या सांगत नाहीत.

कुठे आणि कधी

तीन प्रकारच्या जागा आहेत, त्यांची गल्लत करू नका. व्हिंटेज दुकानात निवड आधीच झालेली असते आणि त्या निवडीचे पैसे तुम्ही मोजता. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वोल्फनस्ट्राटवरचं लॉरा डोल्स जुन्या पार्टी गाऊनसाठी प्रसिद्ध आहे. एपिसोडसारख्या साखळी दुकानांत डेनिम, ट्रॅकसूट, लेदर जॅकेटांच्या रांगा असतात. दुसरी जागा क्रिंगलोप, म्हणजे लोकांनी दिलेल्या वापरलेल्या वस्तूंचं दुकान. सोफा, बश्या, पुस्तकं आणि एका बाजूला कपडे. तिसरी जागा बाजार.

लोकरी कोट, स्वेटर, शर्ट घ्यायचे असतील तर क्रिंगलोपच गाठा, तेही पर्यटक फिरतात त्या भागाबाहेरचं. हिल्वरसम, बुसमसारख्या सधन गावांत लोक चांगले कपडे टाकतात आणि तिथे ते उचलायला गर्दी कमी असते. हिल्वरसम अ‍ॅमस्टरडॅमहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत येतं.

दिवसांचा हिशेब मात्र चुकवू नका. सोमवारी बरीच दुकानं दुपारी उघडतात, पण त्याच सकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या नोर्डरमार्क्टवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. म्हणून सोमवारी आधी बाजार, मग दुकानं. वाटरलोप्लाइनचा बाजार रविवारी बंद असतो, आणि अनेक क्रिंगलोपही. एनडीएसएमच्या जुन्या जहाजगोदीतला आय-हालेन हा प्रचंड बाजार रोजचा नाही, ठरावीक शनिवार-रविवारीच भरतो. तारीख पाहूनच सहल आखा. प्रवेशाला तिकीट आहे, तिथे नेणारी सेंट्रल स्टेशनमागची फेरीबोट फुकट आहे. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी (तो दिवस रविवार असेल तर २६ला) सगळा देशच रस्त्यावर जुनं सामान मांडून बसतो. उट्रेख्टमध्ये ही विक्री आदल्या संध्याकाळीच सुरू होते आणि रात्रभर चालते.

पैसे: दुकानांत कार्ड, कित्येक ठिकाणी फक्त कार्ड. बाजारात रोख, ५ आणि १० युरोच्या नोटा. १०० ची नोट कुणी हातात घेणार नाही. बाजारातले विक्रेते फोनवर पैसे पाठवायला सांगतात, त्याला बहुधा डच बँकेचं खातं लागतं.

माप: इथेच सगळे चुकतात

लेबलवरचा आकडा विसरा. जुन्या कपड्यावरचा ३८ आणि आजचा ३८ यांत एक-दोन मापांचा फरक सहज असतो, जुना लहान निघतो. त्यात एकाच रॅकवर जर्मन, फ्रेंच, इटालियन माल लटकलेला असतो: बायकांच्या कपड्यांत जर्मन ३८ म्हणजे फ्रेंच ४० आणि इटालियन ४४. शिवाय आधीच्या मालकाने कपडा गरम पाण्यात धुतला की आल्टर करून घेतला, हे लेबलला कुठून कळणार? बाजारात ट्रायल रूम नसते, आणि डच हवेत तीन थर अंगावर असताना कोट चढवून पाहिला तर अंदाज हमखास चुकतो.

उपाय एकच. घरून निघण्यापूर्वी स्वतःला उत्तम बसणारा एक शर्ट, एक जाकीट आणि एक पँट जमिनीवर सपाट पसरा, टेपने मोजा आणि आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. शर्ट-जाकिटाची चार मापं: एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत छाती, खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत, बाही, मागची उंची. पँटची तीन: कंबर, आतल्या शिवणीची लांबी, आणि पायांच्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंतची उंची. हे शेवटचं माप लोक घेत नाहीत आणि नेमकं तेच जुन्या पँटमध्ये सगळ्यात जास्त बदलतं. दुकानातही कपडा सपाट ठेवूनच मोजायचा, हँगरवर नाही.

आता गणित. अंगाची छाती ९२ सेंमी असेल तर शर्ट सपाट ५० च्या आसपास हवा, म्हणजे फेर १००. स्वेटरवर घालायचा कोट सपाट ५३–५४ हवा. ४८ चा कोट ‘थोडं वजन कमी केलं की होईल’ म्हणून घेऊ नका. तो होत नाही.

खांद्यावर तडजोड नको. बाही आखूड होते, कंबर आत घेता येते, उंची कापता येते. खांदा कमी करायचा तर बाही आणि अस्तर दोन्ही उसवावं लागतं. पुण्या-मुंबईतला चांगला टेलर आधी नाही म्हणेल आणि हो म्हणाला तर कोटाच्या किमतीपेक्षा जास्त घेईल. खांद्याची शिवण हाडापलीकडे एक-दीड सेंमी गेली तर चालेल, त्याहून जास्त गेली तर कोट परत रॅकवर.

मुंढ्याचंही, म्हणजे बाही जोडतात त्या घेराचंही, तेच. जुन्या कोटांचा मुंढा काखेजवळ उंच आणि अरुंद कापलेला असतो. शर्टावर तो छान दिसतो, स्वेटरवर काखेत बोळा होतो. तपासायची रीत सोपी आहे: सायकलचा हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. पाठ ताणली किंवा बाही मनगटापासून खूप वर सरकली तर मुंढा तुमचा नाही.

मराठी पुरुषांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. डच माणसं जगातल्या सगळ्यात उंच लोकांपैकी, त्यामुळे छाती बसली तरी जाकिटाची बाही बोटांवर येते. पण जर्मन पद्धतीत ५० मापाचं, म्हणजे १०० सेंमी छातीचं, जाकीट बुटक्या अंगासाठी २५ या आकड्याने विकतात. २४, २५, २६ असे आकडे दिसले की गोंधळू नका, ती ४८, ५०, ५२ चीच आखूड भावंडं आहेत आणि डच रॅकवर ती बराच काळ लटकत राहतात. ९८, १०२ हे उंच माणसांचे. तुम्ही सहा फुटांवर नसाल तर हातही लावू नका.

बाही कापायची असेल तर आधी कफ पाहा. कफची बटणं खरी उघडत असतील तर खालून जेमतेम दोन सेंमीच निघतात. कपडा ढिला करायचा असेल तर आत दाबलेलं कापड किती आहे ते पाहा. शिवणीत कापड नसेल तर टेलर हवेतून आणणार नाही.

कपडा उजेडात धरा

माप जुळलं की दारापाशी जा. दुकानातला पिवळा दिवा डाग लपवतो. लोकरी कपडा उजेडासमोर धरला की कसर लागलेली असल्यास बारीक वेडीवाकडी भोकं दिसतात. कॉलरखाली आणि खिशांच्या कोपऱ्यांत तांदळाच्या कणीसारखी पांढरी कोशं सापडली तर तो कपडा बाकीच्या सामानाजवळही नेऊ नका. एखाद-दुसरं भोक रफूने भागतं. स्वेटरची वीण दिसेनाशी होऊन तो घोंगडीसारखा जाड लागत असेल तर गरम पाण्याने आकसलाय. तो पुन्हा मोठा होत नाही.

काख आतून पाहा. पांढऱ्या सुती शर्टातला पिवळा, कडक डाग निघत नाही. रेशमात घामाने कापड विरलेलं असतं. हलकेच ताणलं तरी फाटतं. अस्तर फाटलेलं चालतं, बदलता येतं. चेन पूर्ण वर-खाली करून पाहा. वासाचं म्हणाल तर सिगारेट आणि डांबरगोळी आठवडाभर उघड्यावर टांगल्याने बरीच जाते; तळघराचा कुबट वास जात नाही, विकणारा काहीही सांगो.

खोटं लेदर घेऊ नका. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने सुटतो, पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो आणखी लवकर जाईल. जुन्या स्नीकर्सचे फोमचे तळवे याच कारणाने चुरा होतात: वीस वर्षं डब्यात नवेकोरे राहिलेले बूट चार पावलांत फुटतात.

लेबलवर आकड्याऐवजी कापड वाचा. वोल म्हणजे लोकर, स्खेरवोल म्हणजे नवी, पुनर्वापर न केलेली लोकर, काटून सुती, झाइडे रेशीम, फूरिंग अस्तर, लेर चामडं. ‘पश्चिम जर्मनीत बनवलेलं’ असं लिहिलं असेल तर कपडा १९९० च्या आधीचा आहे. सीअँडए ही १८४१ मध्ये डच गावात, स्नेकमध्ये, सुरू झालेली कपड्यांची कंपनी. तिचे जुने कांडा लेबलचे कोट क्रिंगलोपमध्ये दिसतात. नाव साधं आहे म्हणून सोडून देऊ नका, लोकर आणि शिलाई पाहून ठरवा. टिलबर्गच्या आबे गिरणीची लोकरी ब्लँकेटं दिसली तर कोट राहू दे, ब्लँकेट उचला.

भाव आणि बिल

दुकानात घासाघीस नाही. बाजारात दोन कपडे एकत्र घेऊन थोडं कमी मागा. अर्ध्यावर आणलंत तर विक्रेता तोंड फिरवतो. दुपारनंतर, सामान आवरताना, भाव आपोआप उतरतात, पण तोवर चांगला माल गेलेला असतो.

युरोपियन युनियनबाहेरच्या प्रवाशांना एका बिलावर किमान ५० युरोंच्या खरेदीवर कर परत मिळतो, हे नव्या मालाला लागू. जुन्या मालाचा दुकानदार सहसा फक्त नफ्यावर कर भरतो, तो बिलावर वेगळा दिसत नाही, म्हणून परतावा मागता येत नाही. कपडा परत घेण्याचंही बंधन दुकानावर नसतं. पैसे देण्याआधी विचारा.

घरी आणताना

लोकरी कोटाचं वजन सहज दीड-दोन किलो असतं. एक प्रवासात अंगावर घाला, दुसरा घेऊ नका. घरी आल्यावर लोकरी कपडे थेट कपाटात ठेवू नका. कसर मरावी म्हणून हवाबंद पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, मगच बाहेर काढा. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार कापडावर ओल धरते.