टाकाऊ लाकडाचं मॅलेट: दांडा आधी, बाकी सगळं नंतर

मॅलेट म्हणजे पटाशीवर ठोके मारायचा लाकडी हातोडा. त्यात सगळ्यात आधी दांडा. लाकूड जुळवण्याआधी, गोंदाचं झाकण उघडण्याआधी दांडा तयार हवा: तासलेला, उतार दिलेला, हातात धरून पाहिलेला. मागच्या खेपेला डोकं आधी चिकटवलं आणि दांडा ‘नंतर बसवू’ म्हणून बाजूला ठेवला. तो बसलाच नाही. म्हणून ही यादी.

करवत, रंधा, पटाशी, गुण्या (काटकोन तपासायला), पेन्सिल हे धरून चालतो. धार लावून ठेवा.

लाकूड. सागवान, शिसव, बाभूळ, जे कठीण लाकूड उरलं असेल ते. पाइन चालेल, पण हलकं पडतं आणि तोंडं, म्हणजे डोक्याची ठोका मारायची टोकं, लवकर झडतात. प्लाय आणि एमडीएफ नको, कितीही जाड थर मिळाला तरी नको. ठोके बसले की पापुद्रे सुटतात. पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीची, फळी घेत असाल तर तिच्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू दिलेली, ती सोडून द्या. जुना रंग असलेलं लाकूडही सोडलेलं बरं, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि घासताना ते नाकात जाणार. खिळ्यांसाठी फळीवरून लोहचुंबक फिरवा. रंध्याच्या पात्याला खिळा लागला की पुढचा अर्धा दिवस धार काढण्यात जातो. आणि लाकूड सुकं हवं. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसेल, सुकल्यावर खुळखुळेल.

आता मापं. डोकं साधारण 140 मिमी लांब, 90 उंच, 65 जाड. कठीण लाकडात याचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं पुढेमागे होतं, रोजच्या पटाशीकामाला पुरे. तीन थर: बाहेरचे दोन 20 मिमीचे, मधला 25 चा. मधला थर अखंड नाही, त्याचे दोन तुकडे, आणि त्यांच्यामधल्या फटीत दांडा. एवढं जाड लाकूड पटाशीने आरपार कोरायचं काम त्यामुळे वाचतं.

पण ती फट कशी ठरते? दांड्यावरून. म्हणून पुन्हा, दांडा आधी. ज्या 25 मिमीच्या फळीतून मधले तुकडे काढणार, तिच्यातूनच दांडा काढा, म्हणजे जाडी आपोआप जुळते. लांबी 350 मिमी, लाकडाच्या अंगच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, गाठ एकही नको. रुंदी डोक्याच्या वरच्या कडेशी 40, खालच्या कडेशी 34, म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिमीचा उतार. त्याखाली मुठीपर्यंत कुठेही 34 च्या पुढे जाऊ नका, कारण दांडा वरून आत शिरतो. हा उतार शोभेचा नाही. ठोका मारताना डोकं बाहेरच्या दिशेला ओढलं जातं, तिकडे दांडा रुंद होत गेलेला असतो, आणि पकड दर ठोक्याला आवळत जाते. ना पाचर, ना खिळा. उताराच्या कडा रंध्याने अगदी सरळ करा. मधे पोट राहिलं तर दांडा तेवढ्याच जागी टेकतो आणि डुलतो. झाल्यावर दोन्ही सपाट अंगांवरून रंध्याचा एकेक हलका हात फिरवा, सरकायला तेवढी जागा लागते.

मग दांडा बाहेरच्या एका थरावर ठेवा, मधोमध, गुण्याने तपासून, आणि त्याच्या दोन्ही कडा आखून घ्या. अंश मोजत बसू नका. दांडा समोर असताना कोन कागदावर काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्या रेषांना जुळतील असे मधले तुकडे कापा. सगळ्या थरांच्या लाकडाच्या अंगच्या रेषा डोक्याच्या लांबीत हव्यात, म्हणजे ठोका लाकडाच्या टोकांवर पडेल. एखादा थर आडवा गेला तर त्याच्या कपच्या निघतात.

गोंद न लावता एकदा सगळं रचून बघा. दांड्यासकट. दांडा वरून सरकला पाहिजे, घट्ट बसल्यावर 12 ते 15 मिमी वर उरला पाहिजे. पुढे लाकूड आकसलं की तो खाली उतरणार, त्याची ही सोय. आत्ता फट ढिली दिसली तर तुकडा सरकवता येतो. चिकटवल्यावर 90 मिमी खोल फटीत पटाशी सरळ चालत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. विश्वास ठेवा.

चिकटवायची तयारी: थर रंध्याने सपाट केलेले, पॉलिश खरवडलेलं, चार क्लॅम्प (थर दाबून धरायचे शिकंजे) आधीच उघडून ठेवलेले, ओलं फडकं हाताशी. लाकडाचा पांढरा गोंद पाचदहा मिनिटांत धरायला लागतो, त्या वेळात क्लॅम्प शोधायचा नसतो. ओल्या गोंदावर तुकडे घसरतात आणि आखलेला उतार बिघडतो. म्हणून दांडा आत ठेवूनच क्लॅम्प आवळा. होय, दांडा आतच! फक्त त्याच्यावर आधी मेण चोळा किंवा गुळगुळीत पॅकिंग टेप गुंडाळा, नाहीतर तोही चिकटेल आणि कायमचा राहील. वीसेक मिनिटांनी खालून वर ठोकून बाहेर काढा, क्लॅम्प तसेच राहू द्या, आणि फटीत उतरलेला गोंद काठीला फडकं गुंडाळून पुसा. वाळलेला गोंद तिथून निघत नाही. मग चोवीस तास हात लावू नका.

पुढचं सोपं. दांड्याची टेप किंवा मेण काढा. डोक्याची दोन्ही तोंडं तीन ते पाच अंश तिरकी कापा, खालची बाजू वरच्यापेक्षा आखूड, म्हणजे कोपरातून हात फिरताना तोंड पटाशीवर सपाट पडतं. सगळ्या कडांची धार मारून त्या बोथट करा, तोंडांच्या जरा जास्त. मूठ कानशीने गोल करा, पण उताराच्या भागाला कानस लावू नका. पॉलिश पेपर. जवसाचं तेल, तोंडांना नको. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेतं. उघड्यावर पसरून वाळवा.

दांडा वरून घाला, वरच्या टोकाला दोन ठोके, झालं. पहिल्या काही दिवसांत डोकं सैल वाटलं तर पुन्हा दोन. पाचर ठोकायला जाऊ नका, ती डोक्याच्या जाडीच्या दिशेने रुंदावली तर गोंदाचा सांधाच उकलेल.